'द स्नोमॅन' (१९८२) पुन्हा पाहिला. लहान मुलांना तो शेवट दाखवावा का?

केतकी_ठाणे

ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये गेलं, त्यांना 'द स्नोमॅन'ची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ च्या चित्रपुस्तकावरून केलेली ही साधारण सव्वीस मिनिटांची ॲनिमेशन फिल्म. २६ डिसेंबर १९८२ ला चॅनल फोरवर ती पहिल्यांदा लागली. तेव्हा त्या चॅनलला सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पुढे दर नाताळात ती लागत राहिली आणि तिकडच्या घराघरांत नाताळचाच एक भाग होऊन बसली. दिग्दर्शन डायन जॅक्सन यांचं, निर्माते जॉन कोट्स, संगीत हॉवर्ड ब्लेक यांचं.

गोष्ट एवढीशी आहे. जेम्स नावाचा मुलगा सकाळी उठतो तर बाहेर सगळीकडे बर्फ. दिवसभर खपून तो अंगणात बर्फाचा माणूस करतो. नाकाला संत्रं, डोळ्यांना कोळसा, डोक्यावर हॅट. मध्यरात्री तो माणूस जिवंत होतो. जेम्स त्याला हळूच घरात आणतो, आईबाबांना जाग येऊ न देता सगळं घर दाखवतो. मग दोघं मोटारसायकलवर बसून रानातून फिरून येतात आणि शेवटी आकाशात उडतात, थेट उत्तरेकडे. तिथे बर्फाच्या माणसांची जत्रा भरलेली असते. फादर ख्रिसमस जेम्सला एक स्कार्फ देतो. उजाडायच्या आत दोघं परत येतात. सकाळी जेम्स धावत अंगणात जातो तर ऊन पडलेलं आणि तो वितळलेला. हॅट, कोळसे, संत्रं आणि बर्फाचा छोटा ढीग. जेम्स खिशात हात घालतो, तर स्कार्फ आहे. तो ढिगापाशी गुडघ्यांवर बसतो. संपलं.

माझे बाबा यॉर्कशरमधल्या एका गिरण्यांच्या गावात डॉक्टर होते. आजी साताऱ्याहून येऊन काही महिने आमच्याकडे राहायची. टीव्हीवरचं इंग्लिश तिला कळत नसे, आम्हा भावंडांना दर वाक्याला तिला समजावून सांगायचा कंटाळा यायचा. या फिल्ममध्ये मात्र सुरुवातीचं छोटंसं निवेदन आणि एक गाणं सोडलं तर कुणी चकार शब्द बोलत नाही. त्यामुळे आजी आमच्या बरोबरीने बघायची. बर्फाचा माणूस वेगवेगळी फळं नाकाला लावून बघतो तिथे ती खुदकन हसायची. गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये जाऊन पडतो तिथे म्हणायची, "आत्ता बरं वाटलं हो त्याला." शेवटी मात्र पदर डोळ्यांना लावून उठून जायची.

यंदा माझ्या सहा वर्षांच्या लेकीला दाखवली, आणि मधल्या वर्षांत न पाहिल्यामुळे मलाही ती नव्याने दिसली. लहानपणी वाटायचं की शेवट अचानक येतो, फसवल्यासारखा. आता बघताना कळलं की शेवटाची तयारी फिल्म कितीतरी आधीपासून करत असते. मोटारसायकलचं इंजिन तापतं आणि त्याची मांडी वितळायला लागते. आपण हसतो, कारण लगेच तो फ्रीझरमध्ये आडवा होऊन सुखावतो. पण उष्णतेने याला काय होतं हे आपल्याला तिथेच दाखवून झालेलं असतं. पुढची सगळी गंमत, ते उडणं, तो नाच, हे सगळं हे माहीत असताना चाललेलं आहे. परत आल्यावर निरोप घेताना दोघं जी मिठी मारतात ती मी लहानपणी कंटाळून बघायचे. या वेळी ती बघवेना.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटी जेम्सला जवळ घ्यायला कुणीही येत नाही. आई स्वयंपाकघरातून हाक मारत नाही, बाबा खांद्यावर हात ठेवत नाहीत. मुलगा एकटा आणि समोर तो ढीग. मुलांच्या दुसऱ्या कुठल्या कार्टूनने प्रेक्षकाला असं एकटं सोडलेलं मला आठवत नाही.

लेक रडली नाही. बराच वेळ गप्प होती. मग रात्री झोपताना विचारलं, "आई, तो खरा नव्हता तर स्कार्फ कुठून आला?" आणि थोड्या वेळाने, "पण खरा होता तर मग जास्तच वाईट ना?"

माझं मत आहे की मुलांना हे दाखवावं, शेवटासकट दाखवावं. तुम्हाला काय वाटतं? तिकडे वाढलेल्यांच्या आठवणीही लिहा.

---

मिडलँड्सकर

केतकीताई, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडे टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली व्हीएचएस होती, मधल्या जाहिरातींसकट. त्यामुळे ती फिल्म आणि त्या जाहिराती माझ्या डोक्यात कायमच्या एकत्र बसल्या आहेत. उन्हाळ्यातसुद्धा लावायचो. कॅसेट शेवटी इतकी झिजली की उडण्याच्या प्रसंगात चित्रावर पांढऱ्या रेघा यायच्या आणि धाकट्या भावाला वाटायचं तो बर्फच आहे.

ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियनवरून आणि तिथल्या समुद्रातल्या धक्क्यावरून ते उडत जातात ना, ते ठिकाण पुढे नोकरीनिमित्त गेलो तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं. घुमट बघून पाय थबकले. लहानपणी वाटायचं ते चित्रकाराच्या मनातलं गाव असेल.

ते उडतानाचं 'वॉकिंग इन द एअर' गाणं ॲलेड जोन्सचंच ना? रेडिओवर नेहमी त्याचंच नाव ऐकलंय.

---

सुरेल_नीरज

@मिडलँड्सकर, फिल्ममधला आवाज पीटर ऑटी या मुलाचा आहे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या वृंदात तो गायचा. मूळ श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं, त्यामुळे कितीतरी वर्षं लोकांना ठाऊक नव्हतं. विसाव्या वर्षी, २००२ मध्ये, नवी आवृत्ती आली तेव्हा कुठे नाव लागलं. ॲलेड जोन्सने हे गाणं १९८५ मध्ये एका खेळण्यांच्या दुकानाच्या जाहिरातीच्या निमित्ताने गायलं. तोवर ऑटीचा आवाज फुटला होता. जोन्सची रेकॉर्ड ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली आणि गाणं त्याच्याच नावावर रूढ झालं. ऑटी पुढे ऑपेरात गायला लागला.

संगीताबद्दल थोडं लिहितोच, कारण या फिल्मचं निम्मं श्रेय हॉवर्ड ब्लेक यांचं आहे असं माझं ठाम मत आहे. संवाद नाहीत म्हटल्यावर कोण घाबरलं, कोण खूश झालं, कोण दबक्या पावलांनी चाललंय, हे सगळं वाद्यवृंदाला सांगावं लागतं. जिना उतरतानाची पावलं ऐका. चित्र बंद करून नुसतं ऐकलं तरी प्रसंग कळतो.

आणि गाणं मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांत आहे. विचार करा, गोष्टीतला सगळ्यात आनंदाचा क्षण. मुलगा आकाशात उडतोय, खाली शेतं, समुद्र, दिवे. दुसऱ्या कुणी इथे ढोलताशे वाजवले असते. ब्लेक यांनी तिथे एका मुलाचा एकटा आवाज आणि करुण चाल ठेवली. केतकी, तुम्ही मोटारसायकलचं लिहिलंत ते पटलं. माझ्या मते शेवटाची दुसरी तयारी इथे होते. त्या चालीला सकाळी काय होणार आहे ते माहीत आहे. जेम्सला नाही.

फिनलंडच्या नाइटविश या मेटल बँडने १९९८ मध्ये हेच गाणं त्यांच्या अल्बममध्ये घेतलं. इतक्या वेगळ्या बाजात गाऊनही त्यातला एकटेपणा तसाच राहिला आहे. जरूर ऐका.

---

सायली_आई

मी वेगळं मत मांडते. कुणाला टोचलं तर माफ करा, पण मनापासून लिहिते आहे.

गेल्या वर्षी कुणीतरी सुचवलं म्हणून माझ्या पाच वर्षांच्या मुलाला ही फिल्म लावून दिली आणि मी शेजारच्या खोलीत कामाला बसले. मला शेवट माहीत नव्हता. परत आले तर पोरगा हमसून हमसून रडत होता. आमच्याकडे त्याच वर्षी माझे सासरे गेले होते. आजोबा आणि तो एकमेकांना सोडून राहत नसत. "आबा पण असेच गेले का?" हे त्याने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस तो सकाळी उठला की आधी आमच्या खोलीत येऊन आम्ही आहोत का बघून जायचा.

फिल्म सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती सणाची म्हणून दाखवली जाते. मुलं सणाच्या आनंदात असतात, आणि तुम्ही त्यांना सव्वीस मिनिटं एकाचा लळा लावून शेवटी त्यालाच काढून घेता. मोठ्यांना त्यातलं सौंदर्य दिसतं, कारण मोठ्यांनी दुःख पचवलेलं असतं. पाच वर्षांच्या मुलाने ते कुठे ठेवायचं? जेम्सला जवळ घ्यायला कुणी येत नाही हे केतकीताईंना मोठेपणाचं वाटलं. मला आई म्हणून तेच सहन झालं नाही.

---

रेघोट्या

मी चित्रं काढून पोट भरतो, ॲनिमेशनमध्येही थोडं काम केलंय. शेवटाच्या वादात नंतर पडतो, आधी हाताच्या कामाबद्दल.

त्या काळी ॲनिमेशन म्हणजे पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पानावर, बाहेरची रेघ शाईने आणि मागून सपाट रंग. पटकन होतं आणि प्रत्येक चित्रात रंग तंतोतंत सारखा राहतो. 'द स्नोमॅन'ला ते चालणार नव्हतं, कारण ब्रिग्ज यांचं पुस्तक रंगीत पेन्सिलींचं आहे. त्यात काळी रेघ जवळजवळ नाहीच, सगळं छटांवर उभं आहे. म्हणून यांनी खरखरीत केलेले, दुधी सेल घेतले आणि त्यावर खडूने प्रत्येक चित्र हाताने रंगवलं. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला साधारण बारा चित्रं लागतात. आता खडूची छटा एका चित्रातून दुसऱ्यात जशीच्या तशी उतरवणं अशक्य. एकाच हाताने शेजारीशेजारी काढलेल्या दोन रांगोळ्याही कधी हुबेहूब जुळत नाहीत. त्यामुळे पडद्यावर रंग सतत किंचित थरथरत राहतो.

घरी असेल तर तो स्नोमॅन नुसता उभा आहे अशी जागा शोधा आणि त्याच्या पोटाकडे बघा. पांढऱ्यातल्या निळ्या-करड्या रेघा हलत असतात. तो काहीच करत नाही, तरी श्वास घेतोय असं वाटतं. पाठीमागचं घर, कुंपण हे पार्श्वभूमीचं चित्र एकदाच काढलेलं, म्हणून ते स्थिर. जिवंत आणि निर्जीव यांतला फरक असा आपोआप दिसतो.

उडण्याच्या प्रसंगात तर कमाल केली आहे. तिथे जमीनसुद्धा हाताने हलवली आहे. टेकड्या वळतात, शेतं तिरकी होतात, घरं खालून सरकतात, आणि हे सगळं चित्रामागून चित्र काढून. कॉम्प्युटर नाही. कोन बदलला की प्रत्येक छपराचा आकार बदलतो. ज्यांनी हे काढलं त्यांच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.

हे काम लंडनच्या टीव्हीसी स्टुडिओत झालं. बीटल्सच्या 'यलो सबमरीन' या ॲनिमेशन फिल्मवर काम केलेला हाच स्टुडिओ. डायन जॅक्सनही त्या फिल्मवर होत्या. तिथले भडक सपाट रंग आणि इथला खडू, एकाच जागेतून निघालेत यावर विश्वास बसत नाही. जॅक्सन १९९२ च्या ३१ डिसेंबरला गेल्या. फार लवकर गेल्या. त्यांचं नाव मुलांना माहीत नसतं याची मला खंत वाटते.

---

ग्रंथकीटक

पुस्तकाच्या बाजूने दोन शब्द.

पुस्तकात नाताळ नाहीच. फादर ख्रिसमस नाही, उत्तरेकडची जत्रा नाही, स्कार्फची भेट नाही. दोघं उडत ब्रायटनच्या धक्क्यापर्यंत जातात आणि परत येतात, एवढंच. मुलाला नावही नाही. 'जेम्स' हे नाव फिल्मच्या वेळी आलं. भेटवस्तूच्या चिठ्ठीवर काहीतरी नाव लिहायला हवं म्हणून जोॲना हॅरिसन या चित्रकर्तीने आपल्या मित्राचं नाव घातलं, पुढे त्याच्याशीच तिचं लग्न झालं. नाताळ आत ओढून आणणं ब्रिग्ज यांना सुरुवातीला गुळमट वाटलं होतं. नंतर मात्र ते चांगलं जमून आलं असं त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

ब्रिग्ज यांनी याच्या आधी १९७७ मध्ये 'फंगस द बोगीमॅन' काढलं होतं. चिखल, शेवाळ, घाण आणि पानोपानी शब्दच शब्द. दोन वर्षं त्यात बुडाल्यावर त्यांना काहीतरी स्वच्छ, निवांत आणि शब्दांवाचून हवं होतं. त्यातून 'द स्नोमॅन' आलं.

सायलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललं. एक माहिती द्यावीशी वाटते, वाद घालायचा म्हणून नाही. ब्रिग्ज यांचे आई-वडील दोघंही १९७१ मध्ये गेले आणि १९७३ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने पत्नी जीन गेल्या. हे पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी आलं. बर्फाचा माणूस वितळतो, आई-वडील जातात, प्राणी मरतात, फुलं सुकतात, यात विशेष काही नाही, जे नैसर्गिक आहे तेच मी काढतो, अशा अर्थाचं ते म्हणत असत. मुलांना घाबरवायचा किंवा रडवायचा त्यांचा हेतू नव्हता. ते स्वतः त्या जागी बसलेले होते. पुढे १९९८ मध्ये 'एथेल अँड अर्नेस्ट'मध्ये त्यांनी आई-वडिलांची सबंध गोष्ट काढली, त्यांच्या मृत्यूपर्यंत. वडील दूध घालायचे, आई मोलकरीण होती. 'द स्नोमॅन' आवडलेल्या मोठ्यांनी ते पुस्तक नक्की मिळवून वाचावं.

पुस्तकाचं शेवटचं चित्र आठवतं का? पानावर बाकी काही नाही, पाठमोरा मुलगा आणि समोर ढीग. फिल्ममध्ये निदान स्कार्फ तरी आहे. पुस्तकात तेही नाही.

---

वसईकर

वेगळ्याच बाजूने विचार करत वाचतोय. आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी गोठा, येशूजन्माचा देखावा. पोरं महिनाभर आधीपासून मागे लागतात. गवत, माती, डोंगर, ओढा, आणि रुजवलेली हिरवी रोपं. मग चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे प्रार्थना. ही फिल्म बघितली तर तिच्यात ना गोठा, ना चर्च, ना बाळ येशू. नाताळच्या रात्रीची फिल्म आणि धर्माचं काहीच नाही याचं पहिल्यांदा आश्चर्य वाटलं. आता ग्रंथकीटक यांनी लिहिल्यावर उलगडा झाला की मुळात ती नाताळची गोष्टच नव्हती.

तरी माझ्या घरी ती नाताळातच बघतात. आणि शेवट मुलांना खटकत नाही. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की आमचा गोठाही उतरतो. इतक्या हौसेने केलेला, पण उतरवावा लागतो. पोरं तेव्हा रुसतात, रडतात. दुसऱ्या वर्षी परत तेवढ्याच उत्साहाने करतात.

---

उत्तरेचा_वारा

फिनलंडमधून लिहितोय, ओउलूहून. इथे ही फिल्म 'लुमिउक्को' नावाने सरकारी वाहिनीवर, यूलेवर, दर वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी लागते. २४ तारखेला दुपारी बारा वाजता तुर्कू शहरातून नाताळच्या शांततेची घोषणा वाचतात, तीही टीव्हीवर दाखवतात. ही दोन कार्यक्रमांची सांगड इथल्या घरांत पक्की आहे. आम्ही इथे आल्यावर पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी बोलावलं होतं, तेव्हाच पाहिली. फिनिश येत नव्हतं, पण या फिल्मला त्याची गरज पडली नाही. केतकीताईंच्या आजींचं वाचून तेच आठवलं.

गंमत म्हणजे इथल्या मुलांचा प्रश्न वेगळा असतो. ओउलूत बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. मुलांनी अंगणात केलेला बर्फाचा माणूस महिनोन्महिने उभा राहतो, त्यावर आणखी बर्फ पडून तो जाडजूड होत जातो. त्यामुळे माझ्या मुलाने पहिल्यांदा विचारलं, "एका रात्रीत कसा वितळला? तो देश आजारी आहे का?" इंग्लंडच्या दक्षिणेत बर्फ मुळात क्वचित पडतो आणि पडला तरी टिकत नाही, हे त्याला समजावून सांगावं लागलं. मग मला जाणवलं की ब्रिग्ज ज्या ससेक्समध्ये राहत होते तिथे बर्फाचा दिवस हीच केवढी अपूर्वाई असेल. फिल्मच्या सुरुवातीला ते स्वतः शेतातून चालत येतात आणि त्या वर्षी पडलेल्या मोठ्या बर्फाची आठवण सांगतात. इथल्या माणसाला ते निवेदन नीट कळणारच नाही. इथे बर्फाची आठवण कोण कशाला काढेल?

---

मिडलँड्सकर

@सुरेल_नीरज, ऑटीची माहिती वाचून थक्क झालो. आजच भावाला पाठवली.

दुसऱ्या भागाबद्दल कुणी लिहिलं नाही. 'द स्नोमॅन अँड द स्नोडॉग', २०१२ च्या २४ डिसेंबरला आला. हिलरी ऑडस यांचं दिग्दर्शन, कथा त्यांची आणि जोॲना हॅरिसन यांची. बिली नावाचा मुलगा त्याच घरात राहायला येतो, त्याचा म्हातारा कुत्रा मरतो. फरशीच्या फळीखाली त्याला एक डबा मिळतो, त्यात जुनी हॅट, कोळसे, सुकलेलं संत्रं आणि जेम्सचा स्नोमॅनबरोबरचा फोटो. तिथे माझा बांध फुटला. तो स्नोमॅन करतो, उरलेल्या बर्फाचा कुत्रा करतो, कानांना पायमोजे लावतो. शेवटी स्नोमॅन वितळतोच, पण फादर ख्रिसमसने दिलेला पट्टा गळ्यात बांधल्यावर कुत्रा खरा होतो.

सायलीताई, तुमच्या मुलाला कदाचित हा भाग आधी दाखवता येईल.

---

रेघोट्या

मला दुसऱ्या भागाचा शेवट कमी पडलेला वाटतो. काम सुरेख आहे, तेही हाताचंच, कॉम्प्युटरची थोडी मदत घेऊन. जॉन कोट्स त्याच वर्षी सप्टेंबरात गेले, फिल्म त्यांना अर्पण केली आहे. पण गेलेल्या कुत्र्याच्या जागी नवा कुत्रा मिळाला की दुःख भरून निघतं, असं त्यातून मुलाला कळतं. ज्यांच्या घरचा कुत्रा गेला आहे त्या मुलाला पट्टा बांधून नवा मिळत नाही. पहिल्या भागाने तसलं काही कबूल केलेलं नाही.

---

केतकी_ठाणे

सगळ्यांचे आभार. एवढं बोलणं होईल असं वाटलं नव्हतं.

सायली, तुझा प्रतिसाद परत परत वाचला. आबांबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. तुझ्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं. घरात नुकतंच कुणी गेलेलं असताना मुलाने ही फिल्म एकट्याने बघणं फार अवघड आहे, यात शंका नाही. मी दाखवावी म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शेजारी बसलेली आजी असते. जेम्सला जवळ घ्यायला कुणी नाही, पण बघणाऱ्या मुलाला असावं. डायन जॅक्सन यांनी ती जागा मोकळी ठेवली, ती घरच्यांनी भरायची, असं मी समजते.

रेघोट्या, तुमच्याशी दुसऱ्या भागाबाबत सहमत. पण बिलीला तो फोटो सापडतो तो क्षण मला पहिल्या भागाइतकाच खरा वाटतो. जेम्सने ते सगळं जपून, डब्यात घालून ठेवलं होतं. म्हणजे त्या सकाळी गुडघ्यांवर बसलेला मुलगा पुढे काय करतो हे तीस वर्षांनी कळलं.

नीरज, चालीबद्दल लिहिलंत ते वाचून काल रात्री डोळे मिटून नुसतं ऐकलं. तुमचं खरं आहे.

---

सायली_आई

केतकीताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. अजूनही म्हणेन की पाकिटावर, यादीत, कुठेतरी शेवटाची कल्पना द्यायला हवी. 'सहकुटुंब बघा' एवढ्याने भागत नाही. ब्रिग्ज यांच्या घरचं वाचल्यावर मात्र त्यांच्यावरचा राग गेला.

काल मुलाशी बोलताना कळलं की त्याला ती फिल्म अजून जशीच्या तशी आठवते. रडल्याचं आठवतच नाही म्हणाला. फ्रीझरचं आठवतं, आणि स्नोमॅन कवळी लावून बघतो ते. "आबांचे पण ग्लासात असायचे," म्हणाला आणि हसला. या वर्षी आम्ही दोघं एकत्र बघावं असं मनात आहे. मी आधी एकटी पूर्ण बघून घेईन.

फक्त एक विचारते. ऑनलाइन दोन-तीन वेगवेगळ्या सुरुवाती दिसतात. कुठली लावू?

---

केतकी_ठाणे

सायली, तीन आहेत. मूळची ब्रिग्ज यांची, ते शेतातून चालत येतात ती. दुसरी १९८३ ची, अमेरिकेत दाखवता यावी म्हणून केलेली. तिच्यात गायक डेव्हिड बोवी माळ्यावर येतो, खणातून तोच स्कार्फ काढतो आणि लहानपणची आठवण सांगतो, म्हणजे मोठा झालेला जेम्स. तिसरी २००२ ची, विनोदी नट मेल स्मिथ फादर ख्रिसमस होऊन बोलतो ती.

मला स्वतःला ब्रिग्ज यांची जवळची. पण तुझ्या मुलाला बोवीची लाव. जेम्स मोठा झाला, त्याचं सगळं ठीक झालं आणि स्कार्फ अजून त्याच्याकडे आहे, हे त्याला गोष्ट सुरू व्हायच्या आधीच कळेल. लेकीच्या त्या रात्रीच्या प्रश्नाला मीही दुसऱ्या दिवशी तीच सुरुवात लावून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे तो हरवला नाही." स्कार्फबद्दल म्हणाली की स्नोमॅनबद्दल, ते मी विचारलं नाही.

---

ग्रंथकीटक

सायलीताई, फिल्म बघून झाल्यावर पुस्तकही जवळ असू द्या. शब्द नाहीत, त्यामुळे वाचून दाखवायची गरज नाही. मुलगा स्वतः पानं उलटेल आणि हव्या त्या पानावर हवा तेवढा वेळ थांबेल. फिल्ममध्ये ते करता येत नाही. माझ्या भाचीने कितीतरी दिवस फक्त दोघं जेवायला बसतात ते पान उघडून ठेवलं होतं.